रिकाम्या बोटीची चाचणी

सोनाळा
४ नोव्हेंबर २०२४

नारायणमामा,

आई तीन आठवड्यांपासून मागे लागली आहे, "मामाले पत्र लिही, निदान माफी तरी माग." फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेजमधली माफी अंगठ्याने मागितल्यासारखी वाटते, म्हणून कागद घेतला.

तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये तुम्ही कान घालवले. त्या ओळखीवर मला मरीन इंजिनियरिंगच्या कॉलेजात चिकटवलं. आणि मी तिसऱ्या सेमिस्टरला प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून घरी आलो. बाबांना सांगितलं, मेसचं जेवण सोसत नव्हतं. आईला सांगितलं, पोरं त्रास देत होती. तुम्हाला खरं सांगतो. गावातल्या मित्राचा, गणेशचा, फोन आला होता, "करिष्माले पाहायले पाहुणे येऊन राह्यले बे." होतो तसा बसमध्ये बसलो. गावात आल्यावर कळलं, पाहुणे तिच्या मोठ्या बहिणीसाठी आले होते. परत गेलो तर प्राचार्य हजेरीवरून बोलले, माझं डोकं सटकलं, संपलं.

करिष्मा म्हणजे धम्मरत्न काकांची मुलगी. आपल्या धरणावर पल्याडच्या वस्तीची माणसं ने-आण करणारी मोटरबोट काका चालवतात. बोट समितीची, आणि समितीचे अध्यक्ष आपले बाबा. घरात बाबांच्या नजरेसमोर बसवत नाही, म्हणून मी दिवसभर बोटीवर असतो. काका मला "इंजिनेर सायब" म्हणतात. करिष्मा परवा त्यांचा डबा घेऊन आली, बोट येताना पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "हे बोट नाही, म्हैस हाये. पाण्यात बसली की उठतच नाही. तुम्ही शिकून आले न? करा मंग काही."

ते असो. सहज विचारतो, बोटीच्या मोटरला पाण्यात फिरणारा पंखा असतो, त्याची पिच म्हणजे नक्की काय? वर्गात शिकवलं तेव्हा माझं ध्यान खिडकीबाहेर होतं.

तुमचा,
प्रेम


वास्को
१३ नोव्हेंबर २०२४

प्रेम,

तुझं पत्र दोनदा वाचलं. माफी कुठे आहे ते शोधत होतो, ती नाही सापडली. प्रश्न मात्र सापडला, आणि खोटं कशाला बोलू, त्याने राग अर्धा गेला.

लाकडात स्क्रू पिळतोस ना? एका फेऱ्यात तो जेवढा आत जातो, ती त्याची पिच. पंख्याचंही तसंच. नऊ इंच पिच म्हणजे पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर पंख्याने एका फेऱ्यात बोटीला नऊ इंच पुढे नेलं असतं. पण पाणी हाताखालून सरकतं. म्हणून नवातले सात-साडेसातच पदरात पडतात. ही तूट प्रत्येक पंख्याला असते, मोठ्या जहाजाच्या दोन पुरुष उंच पंख्यालाही. पात्याला पीळ जास्त दिला की पिच वाढते, एका फेऱ्यात पल्ला जास्त. ट्रॅक्टरचा वरचा गिअर समज.

मोठ्या जहाजांचं गणित यावरच असतं. इंजिन किती ताकदीचं, जहाजाचं पोट किती रुंद, माल किती, ते बघून पंखा ओततात. मोठी जहाजं ओढणाऱ्या काही टगबोटींना तर पाती फिरवता येतात, चालू असतानाच पिच कमी-जास्त. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा जेवायला जायचं विसरलो होतो.

मी आता जिथे मालवाहू बार्जचे पंखे सरळ करतो, त्या वर्कशॉपात लहान बोटींचेही जुने पंखे पडलेले असतात. सांग, एखादा पाठवतो. पिच पुस्तकात डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळते.

नारायणमामा


सोनाळा
२२ नोव्हेंबर २०२४

मामा,

पाठवाच. पण जमलं तर तेरा इंच पिचचा, आणि मधल्या भोकात दहा दात असतील असा. टेबलावर ठेवून अभ्यास करीन. पुढच्या वर्षी कॉलेजात परत घेतात का तेही विचारून बघतो आहे.

वरच्या गिअरचं तुम्ही लिहिलं ते एकदम डोक्यात बसलं. इतकं सोपं होतं तर त्या प्राध्यापकांनी दोन तास फळ्यावर काय केलं?

काका पाच तारखेला दादरला चैत्यभूमीवर जाणार, दरवर्षी जातात. तीन दिवस बोटीची किल्ली माझ्याकडे राहील. काकांनी स्वतः होऊन दिली. म्हणाले, "फेऱ्या मारायच्या नाही बरं का सायब. फक्त पाणी काढजो अन् नजर ठेवजो."

प्रेम


वास्को
४ डिसेंबर २०२४

प्रेम,

पार्सल कुरिअरने गेलं, एव्हाना मिळालं असेल. मागच्या पत्रात गिअरचं अर्धंच सांगितलं, ते मनाला लागून राहिलं. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

मी तुझ्याएवढा असताना एका बार्जवर खलाशी होतो. मालकाने दुसऱ्या बार्जचा जास्त पिचचा पंखा बसवला. चाचणीला रिकामी बार्ज बाणासारखी सुटली. मालकाने धक्क्यावर पेढे वाटले. दोन दिवसांनी खनिज भरून भरतीच्या पाण्याविरुद्ध निघालो. इंजिन फेरेच घेईना. काळा धूर, तापलेलं लोखंड, आणि वेग आधीपेक्षाही कमी. भरलेली ट्रॉली घाटात वरच्या गिअरवर घातली तर ट्रॅक्टर जसा गुदमरतो, तसं. पंखा जेवढं पाणी ओढायला मागत होता, तेवढी ताकद इंजिनात नव्हती. फेरे मिळाले नाहीत की इंजिन स्वतःच्याच उष्णतेने मरतं.

म्हणून जहाज बांधणारे उलटा हिशोब करतात. जहाज भरलेलं असेल, तळाला शिंपले चिकटले असतील, वारा समोरून असेल, तेव्हाही इंजिनाला पूर्ण फेरे घेता आले पाहिजेत अशी पिच ठेवतात. रिकामं असताना थोडा वेग कमी दिसला तरी चालतो. रिकाम्या बोटीवर घेतली ती चाचणी नसते रे, वरात असते.

कॉलेजचं वाचून बरं वाटलं.

नारायणमामा


सोनाळा
१७ डिसेंबर २०२४

मामा,

पार्सल मिळालं. पत्र नंतर मिळालं, तेरा तारखेला.

इकडे विशेष काही नाही. धरणावरची बोट बंद पडली आहे. बाजाराच्या दिवशी मधोमध इंजिन जाम झालं. पल्याडची माणसं आता अठरा किलोमीटर फिरून येतात. लोक म्हणतात, धम्मरत्न काका पिऊन होते, तेल पाहिलंच नाही. समितीने त्यांना कामावरून थांबवलं आहे. अठरा जानेवारीला बैठक आहे, त्यात कायमचं काढायचं ठरेल. ते बाबांचं काम, माझं त्यात काही नाही.

कॉलेजचं अजून विचारलं नाही.

प्रेम


वास्को
२६ डिसेंबर २०२४

प्रेम,

तुझ्या आईने मला मेसेज केला. तिने सगळं लिहिलं: बोटीत अठरा माणसं होती, काळा धूर निघत होता, मोटर "म्हातारा चढ चढते तशी" कण्हत होती. ताई कधी इंजिनाजवळ गेली नाही, पण तिने ऐकलेलं नीट सांगितलं.

तेल नसलेलं इंजिन असं कण्हत नाही, किंचाळतं. काळा धूर आणि मंद कण्हणं म्हणजे ओझं झेपत नाही. मी हे कानांनी शिकलो, कान होते तेव्हा.

आणि टेबलावर ठेवायच्या पंख्याचे दात कोण मोजतं? दात मोजतात ते मोटरच्या दांड्यावर बसवायला. तू दहा दात लिहिलेस तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू अभ्यासाला लागलास या आनंदात मी वाचलं आणि सोडून दिलं.

एकच विचारतो. मी पाठवलेला पंखा आत्ता कुठे आहे?

नारायणमामा


सोनाळा
२ जानेवारी २०२५

मामा,

गोठ्यात आहे. कडब्याच्या पेंढ्यांखाली.

हे पत्र चार वेळा फाडलं. पहिल्या तीनमध्ये मी तुमच्यावरच चिडलो होतो, की अर्धंच का सांगितलं. चौथ्यात करिष्मावर, की म्हैस का म्हणाली. आता कुणी उरलं नाही.

पाच तारखेला काका दादरला गेले. सहा तारखेला पार्सल आलं. सात तारखेला मी पंखा बदलला. एक पिन, एक नट, बस. हात अगदी सफाईने चालत होते, आणि मला वाटलं, बघा, मी नापास नाही. आठ तारखेला दुपारी करिष्मा काठावर कपडे धुवायला आली. मी म्हटलं, "ये, तुझी म्हैस दाखवतो." ती नाही म्हणाली, मग इकडे-तिकडे पाहून बसली. मामा, बोट अशी सुटली की तिची ओढणी तोंडावर आली. ती ओरडत होती, "अजून जोरात! अजून!" मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. बोटीत आम्ही दोघंच होतो. तुम्ही ज्याला वरात म्हणता ती हीच. तुमचं पत्र पाच दिवसांनी आलं.

त्या संध्याकाळी जुना पंखा परत लावायचा होता. लावला नाही. वाटलं, सकाळी काका येतील, बोट उडताना पाहतील, विचारतील कुणी केलं. मी उत्तरही ठरवून ठेवलं होतं.

नऊ तारखेला बाजार. काका गाडीतून शेगावला उतरले ते थेट धरणावर आले. दोन रात्री गर्दीच्या डब्यात उभे होते, डोळे लाल झालेले. मी शेतावर थांबलो होतो. मुद्दाम, म्हणजे ते मला शोधत येतील म्हणून. मी काठावर पोहोचलो तेव्हा बोट पल्याडून निघाली होती. अठरा माणसं, ज्वारीची पोती, एक सायकल, समोरून वारा. मोटर कण्हत होती, आणि मला कळलं, हा माझा पंखा. काकांनी वाऱ्यामुळे मोटर पूर्ण वेगावर सोडली असणार. काळा धूर, मग काहीच नाही. अडीच तास माणसं उन्हात अडकली. घमेल्यांनी पाणी मारत मारत कशी तरी काठाला आली. बोटीतल्या शालूबाईला ओकाऱ्या झाल्या. खाली उतरल्या-उतरल्या तीच पहिली बोलली, "याच्या तोंडाले वास येऊन राह्यला! डोये पाहा याचे!" वास पेट्रोलचा होता. पण काका सहा वर्षांपूर्वी पीत होते हे सगळ्या गावाला माहीत आहे, त्यांनी सोडली हे कुणाला आठवत नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "दादरले जाऊन हेच करतेत हे लोकं." सगळे हसले. मीही तिथं होतो.

करिष्मा धावत आली. एकटी सगळ्यांशी भांडत होती. "माह्या बापानं सहा वर्सात थेंब नाही घेतला!" काका खाली मान घालून पोती उतरवत राहिले.

बाबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तू याच्यासंगं दिवसभर राह्यतं. पेऊन होता काय बे हा?"

मी म्हटलं, "असंन. मले काय मालूम?"

मामा, हे तीन-चार शब्द मी म्हटले. करिष्मा दहा हातांवर होती. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बोट काठावर ओढून ठेवली होती. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी जुना पंखा परत बसवला. हात तेव्हाही सफाईने चालले.

प्रेम


वास्को
९ जानेवारी २०२५

प्रेम,

रागावण्याइतकं अंगात बळ नाही. तुझं पत्र खिशात घेऊन दिवसभर काम केलं.

माझी चूक आधी लिहितो. शिकवणाऱ्याने अर्धं सांगून कागद संपवू नये. आणि पोरगा दात मोजून पंखा मागतो तेव्हा विचारावं, कशाला. सोबत एक कागद जोडला आहे. त्यात पंखा मी पाठवला, तो त्या मोटरीला भरल्या बोटीत का झेपला नाही, इंजिन कशाने गेलं, सगळं लिहून सही केली आहे. माझा जुना इंजिनरूमचा दाखलाही जोडला आहे.

पण हा कागद पाठवून मोकळा होऊ नकोस. कागदाने इंजिनाचं कारण सिद्ध होईल. दारूचं होणार नाही. ते तू तोंडाने बोललास, ते तोंडानेच परत घ्यावं लागेल, आणि ज्यांच्यासमोर गाव हसलं त्यांच्यासमोर.

अजून एक. शालूबाईला वास आला आणि सगळ्या गावाने लगेच मान हलवली. तुझ्याविषयी तसं कुणी म्हटलं असतं तर गावाने मान हलवली असती का? धम्मरत्नच्या जागी अध्यक्षांचा मुलगा असता तर लोकांनी आधी इंजिन उघडून पाहिलं असतं. तू त्या सोयीत बसलास. तुला ती सोय आहे हेही तुला माहीत नव्हतं, हे मी समजू शकतो. आता माहीत झालं.

अठराला जा.

नारायणमामा


सोनाळा
२० जानेवारी २०२५

मामा,

बैठक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झाली. बाबा मधे, समितीचे चौघे शेजारी, खाली गाव. काका एका टोकाला उभे होते, कुणी बस म्हटलं नव्हतं. अन्नपूर्णाकाकू, म्हणजे करिष्माची आई, आणि करिष्मा बायकांमध्ये.

मी कडब्यातला पंखा पोत्यात घालून नेला होता. बाबांनी "ठरावाले कोणाची हरकत हाय काय" विचारलं तेव्हा उठलो, पोतं ओट्यावर रिकामं केलं आणि बोललो. ठरवलं होतं तसं नाही बोललो, अडखळत बोललो. पंखा मी बदलला, भरल्या बोटीला तो झेपत नव्हता, मी रिकाम्या बोटीवर पाहिलं आणि खूश झालो. बोट बंद पडल्यावर जुना परत लावून लपवलं. काकांनी थेंब घेतला नव्हता हे मला माहीत होतं, आणि तरी बाबांनी विचारलं तेव्हा मी "असंन" म्हटलं. तुमचा कागद वाचून दाखवला. पिचचं कुणाला कळलं नाही, पण वरच्या गिअरवर घाटातली ट्रॉली सगळ्यांना कळली.

बाबांचं तोंड मी कधी असं पाहिलं नाही. पंखा हातात घेऊन उलटा-सुलटा केला. मग अध्यक्षाच्या आवाजात विचारलं, "चाचणी घेतली म्हणतो. बोटीत कोण कोण होतं?"

मामा, हा प्रश्न मी घरी बसून एकदाही विचारात घेतला नव्हता. मी स्वतःची चूक इतकी मोठी करून बसलो होतो की त्या बोटीत दुसरं माणूस होतं हेच विसरलो होतो. आता खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावात पंख्याची गोष्ट राहणार नव्हती, करिष्माची होणार होती. खोटं सांगायला तोंड उघडत होतो, पण आत्ताच खरं बोलायला उभा राहिलेलो मी, जीभ वळेना. ते गप्प राहणं लोकांना दिसत होतं. बायकांमध्ये दोन-तीन माना वळल्यासुद्धा.

"मी होतो," काका म्हणाले.

बाबा म्हणाले, "तू तर दादरले होता न?"

"निघायच्या आंधीच पाह्यला पोरानं पंखा लावून. मी होतो बोटीत. मलेही वाटलं, चांगली पयते." आणि खाली पाहून, "माह्यी बी चूक हाय."

पार्सल सहा तारखेला आलं होतं आणि काका पाचला गेले होते. कुणी तारखा ताडून पाहिल्या नाहीत. समितीने ठरवलं: दारूचा आरोप मागे, शालूबाईने सगळ्यांसमोर माफी मागायची, इंजिन आमच्या घरून दुरुस्त करून द्यायचं. काकांना काम परत, पण पोरसवदा माणसाला बोटीशी खेळू दिलं म्हणून लेखी ताकीद. काकांनी ताकिदीच्या कागदावर सही केली. जी चूक त्यांनी केली नव्हती तिच्यावर.

काल त्यांच्या घरी गेलो. काका अंगणात खाटेची दोरी ताणत होते. मला पाहून म्हणाले, "धर दुसरं टोक." मी धरलं. दोघं दोरी ओढत होतो.

मी विचारलं, "काका, तुम्हाले मालूम होतं?"

"मधात बंद पडली तवा मोटर वर उचलली. वाटलं गवत अटकलं. पाह्यलं तं पंखाच दुसरा. इथं दुसरं कोण इंजिनेर हाय?"

"मंग त्याच दिवशी काऊन नाही बोल्ले?"

"बोल्लो असतो तं तुह्यं नाव निंघालं असतं. तुह्या नावाच्या मांगं पोरीचं." त्यांनी गाठ मारली. "काठावरची कलाबाई मले त्या दिवशी सकायीच सांगून बसली होती, तुह्यी पोरगी बोटीत हासत होती म्हणून. तिले म्या हात जोडले. दारूचं काय, दारूचं नाव मले सवयीचं हाय. ते मी धुतो अजून सहा वर्सं."

ते महिनाभर गावात मान खाली घालून फिरले ते मला वाचवायला नाही, तर करिष्माची गोष्ट उघडी पडू नये म्हणून. आणि मी उभा राहून खरं बोललो तेव्हा ती उघडी पडायची वेळ आणली. त्यांना पुन्हा मधे यावं लागलं.

काकूंनी पाणी आणलं. करिष्मा दारात होती. काकांनी "आत जा" म्हटलं, ती गेली नाही.

"लोकं माह्या बापाले पेलेला म्हणत होते, तवा तुम्ही तिथंच होते न?"

"हो."

"मी भांडत होती ते ऐकलं न?"

"हो."

मला वाटलं, आता 'असंन' विचारेल. मामा, तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं. तिने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला, तो तिथेच बादलीतल्या पाण्याने दोनदा विसळला, जसा आमच्या घरी तिच्या बापाने पाणी प्यायल्यावर आई विसळते, आणि आत गेली.

प्रेम